पेशी जीन एक्सप्रेशन कंट्रोल कसं करते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जीन एक्सप्रेशन म्हटलं की बहुतेकांच्या डोक्यात एकच चित्र असतं, जीन एकतर चालू नाहीतर बंद. हे चित्र अगदीच चूक नाहीये पण अर्धवट आहे आणि पुढचे बरेच गोंधळ त्यातूनच होतात. खालचे प्रश्न पुन्हा पुन्हा येणारे आहेत. काहींची उत्तरं लांबलीयेत कारण तिथे सांगण्यासारखं खूप आहे, काही दोन ओळींत उरकलीयेत.

सगळ्या पेशींत डीएनए तोच, मग लिव्हरची पेशी आणि मेंदूतली पेशी इतक्या वेगळ्या कशा?

कारण डीएनए तोच असला तरी त्यातलं वाचलं काय जातं ते वेगळं असतं. माणसात प्रोटीन बनवणारी साधारण २०,००० जीन्स आहेत आणि कुठलीही एक पेशी ती सगळी वापरत नाही. इन्सुलिनचं जीन तुमच्या त्वचेच्या पेशीतही आहे, हाडातल्या पेशीतही आहे, पण इन्सुलिन भरपूर बनतं ते फक्त स्वादुपिंडातल्या बीटा पेशींत.

इथे लगेच एक शंका येते, की नको असलेली जीन्स पेशी फेकून देत असेल का? नाही देत. जॉन गर्डन यांनी १९६२ मध्ये बेडकाच्या पिल्लाच्या आतड्यातल्या पेशीचं केंद्रक काढून, ज्याचं स्वतःचं केंद्रक निकामी केलंय अशा अंड्यात घातलं, आणि त्यातल्या काही अंड्यांतून पोहणारी पिल्लं तयार झाली. म्हणजे आतड्याच्या पेशीत अख्खा बेडूक बनवण्याची माहिती शाबूत होती, फक्त वापरात नव्हती. अपवाद आहेत, उदा. पूर्ण वाढ झालेल्या लाल रक्तपेशीत केंद्रकच नसतं, आणि अँटिबॉडी बनवणाऱ्या बी पेशी आपल्या डीएनएचे काही तुकडे खरोखरच कापून जोडतात. पण ते अपवादच.

'जीन एक्सप्रेस होतं' म्हणजे नक्की काय होतं?

डीएनएवरून आरएनएची कॉपी निघते, हे ट्रान्सक्रिप्शन. ते काम आरएनए पॉलिमरेज नावाचं एन्झाइम करतं. ती कॉपी काटछाट होऊन एमआरएनए (प्रोटीनची कृती सांगणारा आरएनए) बनते, केंद्रकाच्या बाहेर येते, रायबोसोम हे पेशीतलं प्रोटीन बनवणारं यंत्र ती वाचून प्रोटीन बनवतं, आणि कधीतरी एमआरएनए आणि प्रोटीन दोन्ही तोडले जातात. यातल्या प्रत्येक पायरीवर पेशीचा कंट्रोल असतो. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण परीक्षेत 'जीन रेग्युलेशन' म्हटलं की लोक फक्त पहिल्या पायरीबद्दल लिहून मोकळे होतात.

मग जीन ऑन-ऑफ होतं असं म्हणायचं की नाही?

बोलताना म्हणा, काही बिघडत नाही. पण बटणापेक्षा पंख्याच्या रेग्युलेटरची कल्पना जास्त जवळची आहे, आणि तोही असा रेग्युलेटर की जो एकाच वेळी बरेच जण फिरवतायत. शिवाय एकेका पेशीत डोकावून पाहिलं तर ट्रान्सक्रिप्शन एकसारखं चालूच नसतं, थोडा वेळ धडाधड कॉप्या निघतात, मग शांतता, मग परत धडाका. त्यामुळे एकाच डीएनएच्या, एकाच पोषक द्रावणात वाढणाऱ्या दोन बॅक्टेरियांतही त्याच प्रोटीनचं प्रमाण कमीजास्त असतं. मायकल एलोविट्झ आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये ई. कोलाय या बॅक्टेरियात एकाच प्रकारच्या प्रमोटरवरून (प्रमोटर म्हणजे जीनच्या सुरुवातीची, पॉलिमरेज बसण्याची जागा) दोन रंगांची चमकणारी प्रोटीन्स बनवून हे दाखवलं, सगळं नियमाने चालत असतं तर प्रत्येक पेशीत दोन्ही रंग सारखे दिसले असते, पण काही पेशी एका रंगाकडे झुकलेल्या आणि काही दुसऱ्या.

लॅक ऑपेरॉन सगळीकडे शिकवतात, त्यात एवढं काय आहे?

भरपूर आहे, आणि शिकवताना त्यातला सगळ्यात मजेदार भाग गाळला जातो असं माझं मत.

आधी साधी गोष्ट. ई. कोलायला ग्लुकोज आवडतं, ते नसेल आणि लॅक्टोज असेल तर ते खायला तीन जीन्सचा गट चालू होतो, जी डीएनएवर शेजारी शेजारी आहेत आणि एकाच एमआरएनएवर निघतात, अशा गटाला ऑपेरॉन म्हणतात. एक लॅक्टोज तोडणारं बीटा-गॅलॅक्टोसिडेज, एक लॅक्टोजला पेशीत आत आणणारं परमिएज, आणि तिसरं एक ट्रान्सअॅसिटिलेज. लॅक्टोज नसताना रिप्रेसर नावाचं प्रोटीन डीएनएवरच्या ऑपरेटर या जागेवर बसून राहतं आणि पॉलिमरेजला काम करू देत नाही. लॅक्टोज आला की रिप्रेसरचा आकार बदलतो, त्याची डीएनएवरची पकड सुटते, आणि एन्झाइमचं प्रमाण हजार पटीच्या आसपास वाढतं.

आता गाळलेला भाग. रिप्रेसरला जाऊन चिकटतो तो लॅक्टोज नाही, तर त्याच्यापासून बनलेला अॅलोलॅक्टोज. तो बनवतं कोण? बीटा-गॅलॅक्टोसिडेजच! आणि लॅक्टोजला आत आणायला परमिएज लागतं. म्हणजे सिस्टीम चालू व्हायला सिस्टीम आधीच थोडी चालू असावी लागते. जर 'बंद' म्हणजे शंभर टक्के बंद असतं तर हे ऑपेरॉन कधी उघडलंच नसतं. पण रिप्रेसर अधूनमधून सुटतो, तेवढ्यात एखाददुसरा एमआरएनए निघून जातो, थोडी एन्झाइमं बनतात, आणि तेवढी गळती पुरते. ही गळती म्हणजे दोष नाही, तिच्यावरच सगळं चालतं.

दुसरा कंट्रोल ग्लुकोजचा. ग्लुकोज कमी झालं की सायक्लिक एएमपी हा छोटा रेणू वाढतो, तो कॅप नावाच्या प्रोटीनला चिकटतो, आणि ते प्रोटीन प्रमोटरजवळ बसून पॉलिमरेजला बोलावतं. भरीला ग्लुकोज आत येत असताना परमिएजलाही अडवलं जातं. त्यामुळे दोन्ही साखरा असतील तर आधी ग्लुकोज संपतं, मग थोडी थांबलेली वाढ, मग लॅक्टोज.

फ्रान्स्वा जाकोब आणि जाक मोनो यांनी १९६१ मध्ये हे मॉडेल मांडलं, १९६५ मध्ये आंद्रे ल्वोफ यांच्यासोबत नोबेल मिळालं. रिप्रेसर हा आरएनए असावा असा त्यांचा सुरुवातीचा अंदाज होता, तो प्रोटीन निघाला, वॉल्टर गिल्बर्ट आणि बेनो म्युलर-हिल यांनी १९६६ मध्ये तो वेगळा काढून दाखवला. सोपं नव्हतं ते, कारण एका बॅक्टेरियात या प्रोटीनच्या मोजक्याच प्रती असतात.

माणसाच्या पेशीतही असे ऑपेरॉन असतात का?

जवळजवळ नाहीतच. आपल्याकडे सहसा प्रत्येक जीनला स्वतःचा प्रमोटर असतो. पण खरा फरक त्याहून खोल आहे. बॅक्टेरियात डीएनए बऱ्यापैकी उघडा असतो, कुणी अडवलं नाही तर जीन वाचलं जाऊ शकतं. आपल्याकडे उलटं, कुणी मुद्दाम उघडलं नाही तर जीन बंदच.

एका पेशीतला डीएनए सरळ केला तर साधारण २ मीटर भरतो, आणि केंद्रकाची रुंदी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्याही आत. त्यामुळे तो हिस्टोन प्रोटीन्सभोवती गुंडाळलेला असतो, आठ हिस्टोनांचा एक गोळा, त्याच्याभोवती १४७ अक्षरांचा डीएनए (डीएनएची अक्षरं म्हणजे त्याचे चार प्रकारचे रासायनिक घटक), जेमतेम पावणेदोन वेढे, याला न्यूक्लिओसोम म्हणतात. प्रमोटर जर न्यूक्लिओसोमवर गुंडाळला गेला असेल तर पॉलिमरेजला तिथे बसताच येत नाही.

मग उघडायचं कसं? दोन मुख्य मार्ग. एक, एटीपी हे पेशीचं इंधन जाळून न्यूक्लिओसोम सरकवणारी किंवा काढून टाकणारी प्रोटीन मशीन्स. दोन, हिस्टोनांच्या बाहेर लोंबणाऱ्या शेपट्यांवर रासायनिक खुणा करणं. शेपटीतल्या लायसिन या अमिनो आम्लावर पॉझिटिव्ह चार्ज असतो, डीएनए निगेटिव्ह, म्हणून ते घट्ट धरून राहतात. लायसिनवर अॅसिटिल गट बसवला की चार्ज जातो, पकड ढिली होते, शिवाय त्या खुणेला ओळखणारी दुसरी प्रोटीन्स येऊन बसतात. मिथाइल गटाचं मात्र एवढं सरळ नाही, एच३ हिस्टोनच्या ४ नंबरच्या लायसिनवर तीन मिथाइल असतील तर ते चालू प्रमोटरजवळ दिसतात आणि तेच २७ नंबरवर असतील तर दाबून ठेवलेल्या जीन्सवर. कुठल्या खुणा कारण आहेत आणि कुठल्या नुसता परिणाम, यावर अजून वाद चालू आहेत, त्यामुळे 'हिस्टोन कोड' हा शब्द वाचला की जरा सावधपणे वाचा.

ट्रान्सक्रिप्शन फॅक्टरला आपली जागा सापडते कशी?

हा प्रश्न मला फार आवडतो कारण गणित करून बघितलं तर हे जमायलाच नको. ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर म्हणजे डीएनएच्या ठरावीक जागी बसून जीन कमीजास्त करणारं प्रोटीन. समजा एखादा फॅक्टर ६ अक्षरांचा क्रम ओळखतो. अक्षरं चार, म्हणजे असा क्रम योगायोगानेच सरासरी दर ४,०९६ अक्षरांनी एकदा येणार. आपला जीनोम ३ अब्जांहून मोठा, म्हणजे सात-आठ लाख जागा! त्यातल्या कामाच्या फार थोड्या.

उत्तर असं की एकटा फॅक्टर काही ठरवत नाही. एक तर बऱ्याच जागा न्यूक्लिओसोमखाली झाकलेल्या असतात म्हणून आपोआप बाद होतात. दुसरं, चार-पाच वेगवेगळे फॅक्टर जवळजवळ बसले की एकमेकांना धरून ठेवतात, आणि अशी जुळणी योगायोगाने फार क्वचित होते. माणसात असे साधारण १,६०० फॅक्टर आहेत, त्यातले कुठले कुठल्या पेशीत एकत्र हजर आहेत त्यावर पेशीचं स्वरूप ठरतं. काही फॅक्टर तर न्यूक्लिओसोमवर गुंडाळलेल्या डीएनएलाही चिकटू शकतात, त्यांना पायोनियर फॅक्टर म्हणतात, ते आधी जाऊन जागा उघडतात आणि मग बाकीचे येतात.

आणि हे सगळं स्थिर नसतं हं. आकृतीत फॅक्टर कायमचा चिकटवल्यासारखा काढतात, प्रत्यक्षात बरेच फॅक्टर काही सेकंदच बसतात आणि सुटतात.

एन्हान्सर जीनपासून लाखो अक्षरं लांब असतो म्हणे, मग त्याचा परिणाम पोचतो कसा?

एन्हान्सर म्हणजे डीएनएचा असा तुकडा, ज्यावर फॅक्टर बसले की जीनचं ट्रान्सक्रिप्शन वाढतं. डीएनए वळतो आणि एन्हान्सर प्रमोटरच्या जवळ येतो. एन्हान्सरवर बसलेले फॅक्टर मीडिएटर नावाच्या मोठ्या प्रोटीन समूहामार्फत पॉलिमरेजपर्यंत निरोप पोचवतात. डीएनएचे वेढे घालायचं काम कोहेसिन हे प्रोटीन करतं, ते डीएनए ओढत ओढत लूप मोठा करत जातं आणि सीटीसीएफ हे प्रोटीन योग्य दिशेने बसलेलं दिसलं की थांबतं, त्यामुळे साधारणपणे एन्हान्सर आपल्याच वेढ्यातल्या जीन्सवर काम करतो, शेजारच्या वेढ्यात लुडबुड करत नाही.

पहिला एन्हान्सर १९८१ मध्ये एसव्ही४० या विषाणूत सापडला, आणि लोक चक्रावले कारण तो तुकडा उलटा लावला किंवा जीनच्या पुढे-मागे कुठेही लावला तरी काम करत होता.

सगळ्यात भारी उदाहरण सॉनिक हेजहॉग या जीनचं. गर्भात हातापायाची बोटं नीट घडायला ते ठरावीक कोपऱ्यात चालू व्हावं लागतं, आणि त्यासाठीचा एन्हान्सर जवळपास १० लाख अक्षरं लांब, चक्क दुसऱ्याच एका जीनच्या आत बसलेला आहे. त्या एन्हान्सरमध्ये एक अक्षर बदललं तरी जास्तीची बोटं येऊ शकतात, जीनमधल्या प्रोटीनच्या भागाला हात न लावता! सापांमध्ये हाच एन्हान्सर बिघडलेला आहे. प्रोटीन तेच, फक्त कधी, कुठे आणि किती हे बदललं की शरीराचा आकार बदलतो. जीनोममधला प्रोटीनसाठीचा भाग जेमतेम १ ते २ टक्के आहे हे ऐकून बाकी सगळा 'कचरा' म्हणणाऱ्यांना हे एक उदाहरण सांगा. अर्थात बाकीचं सगळंच कामाचं आहे असंही नाही, तो दुसऱ्या टोकाचा अतिरेक.

डीएनए मिथायलेशन झालं म्हणजे जीन कायमचं बंद?

नाही. सायटोसिन या अक्षरावर, बहुतेकदा त्याच्यापुढे ग्वानिन असेल तिथे, मिथाइल गट बसतो. प्रमोटरवर असं दाट मिथायलेशन असेल तर जीन सहसा गप्प असतं. पण चालू असलेल्या जीन्सच्या मधल्या भागातही भरपूर मिथायलेशन सापडतं, म्हणजे मिथाइल बरोबर बंद हे समीकरण जागेवर अवलंबून आहे. आणि टेट नावाची एन्झाइमं ते काढण्याची प्रक्रिया सुरू करू शकतात.

याची खासियत टिकण्यात आहे. पेशी विभागताना डीएनएचा नवा धागा कोरा असतो, डीएनएमटी१ हे एन्झाइम जुन्या धाग्यावरच्या खुणा बघून नव्यावर तशाच करतं, त्यामुळे लिव्हरच्या पेशीपासून लिव्हरचीच पेशी होते. गंमत म्हणजे फळमाशीत हे मिथायलेशन जवळजवळ नाहीच, तरी तिचं काही अडत नाही.

मादीमध्ये दोन एक्स क्रोमोसोम असतात, मग प्रोटीन दुप्पट बनत नाही का?

नाही बनत, कारण सस्तन प्राण्यांत मादीच्या प्रत्येक पेशीत एक एक्स जवळजवळ पूर्ण गप्प केला जातो. मेरी लायन यांनी १९६१ मध्ये ही कल्पना मांडली. ज्या एक्सला बंद व्हायचंय त्याच्यावरूनच एक्सिस्ट नावाचा लांबलचक आरएनए निघतो, हा आरएनए प्रोटीन बनवत नाही, तो त्याच क्रोमोसोमला वेढून बसतो आणि गप्प करणारी प्रोटीन्स बोलावतो. कुठला एक्स बंद होणार हे गर्भात सुरुवातीला पेशीगणिक रँडम ठरतं आणि त्या पेशीपासून होणाऱ्या पुढच्या पेशींत तेच चालू राहतं. काळ्या-केशरी ठिपक्यांची मांजर जवळजवळ नेहमी मादीच असते ती यामुळे, कारण तो रंग ठरवणारं जीन एक्सवरच असतं. काही जीन्स मात्र यातून निसटतात आणि दोन्ही एक्सवर चालू राहतात.

एमआरएनए तयार झाला की पेशीचा कंट्रोल संपला?

इथेच अर्धी गोष्ट बाकी असते. आधी स्प्लायसिंग. कच्च्या आरएनएतले इन्ट्रॉन (नको असलेले तुकडे) कापून एक्सॉन (ठेवायचे तुकडे) जोडले जातात, आणि कुठले एक्सॉन ठेवायचे हे पेशी बदलू शकते. फळमाशीच्या डीस्कॅम या एकाच जीनपासून तत्त्वतः ३८,०१६ वेगवेगळी रूपं बनू शकतात, तिच्याकडे एकूण जीन्सही तेवढी नाहीत.

मग टिकाऊपणा. बॅक्टेरियातला एमआरएनए बहुधा काही मिनिटांत तुटतो. आपल्याकडे काहींचं आयुष्य अर्ध्या तासाच्या आसपास, उदा. सी-फॉस, जे सिग्नलला पटकन उत्तर देऊन पटकन गप्प व्हायला हवं. हिमोग्लोबिनचा एमआरएनए मात्र तासन् तास टिकतो, कारण केंद्रक गेल्यावरही तरुण लाल पेशीला प्रोटीन बनवत राहायचं असतं.

मायक्रोआरएनए हा आणखी एक थर. साधारण २२ अक्षरांचे छोटे आरएनए, जे एमआरएनएला जोडी जमवून चिकटतात आणि त्याच्यावरून प्रोटीन बनणं कमी करतात किंवा तो लवकर तोडायला लावतात. व्हिक्टर अॅम्ब्रोस आणि गॅरी रव्हकुन यांच्या प्रयोगशाळांनी १९९३ मध्ये हे एका छोट्या गोलकृमीत दाखवलं, पण कृमीचंच काहीतरी विचित्र प्रकरण असेल म्हणून फारसं कुणी मनावर घेतलं नाही. २००० मध्ये तसाच दुसरा रेणू माणसासकट अनेक प्राण्यांत सापडल्यावर सगळे जागे झाले, आणि २०२४ मध्ये दोघांना नोबेल मिळालं.

पण मला विचाराल तर सगळ्यात सुंदर उदाहरण लोहाचं. पेशीत लोह साठवायला फेरिटिन लागतं आणि बाहेरून आणायला ट्रान्सफेरिन रिसेप्टर. दोघांच्याही एमआरएनएवर एकसारखी आरएनएची गाठ आहे, फक्त फेरिटिनमध्ये ती सुरुवातीला आणि रिसेप्टरमध्ये शेवटाकडे. लोह कमी असताना एकच प्रोटीन दोन्ही गाठींवर जाऊन बसतं. फेरिटिनच्या सुरुवातीला बसल्यामुळे रायबोसोमची वाट अडते, साठवण बंद. रिसेप्टरच्या शेवटाला बसल्यामुळे तो एमआरएनए तुटण्यापासून वाचतो, आवक वाढते. लोह पुरेसं झालं की प्रोटीन सुटतं आणि दोन्ही गोष्टी उलट होतात. एकच प्रोटीन, एकच गाठ, फक्त जागा बदलली की परिणाम उलटा, आणि यात डीएनएला कुणी हातही लावलेला नाही.

बाहेर काय चाललंय हे केंद्रकातल्या डीएनएला कळतं कसं?

रस्ते अनेक आहेत. कॉर्टिसोलसारखं स्टेरॉइड हार्मोन सरळ पेशीत शिरतं, आत वाट बघत असलेल्या रिसेप्टरला चिकटतं, आणि ती जोडी केंद्रकात जाऊन डीएनएवर बसते. बाकी बरेच सिग्नल पेशीच्या पडद्यावरच थांबतात आणि आत एकामागून एक प्रोटीन्सवर फॉस्फेट बसवत निरोप पोचतो.

ऑक्सिजनचं तर आणखी वेगळं. हिफ नावाचा फॅक्टर पेशी सतत बनवत असते आणि सतत मोडतही असते, ऑक्सिजन असेल तर एक एन्झाइम तोच ऑक्सिजन वापरून हिफवर खूण करतं, ती खूण बघून त्याला युबिक्विटिन ही 'मोडून टाका' अशी खूणचिठ्ठी लावून प्रोटिएसोम या प्रोटीन मोडणाऱ्या यंत्राकडे पाठवतात. ऑक्सिजन कमी पडला की खूण होत नाही, हिफ साठतो, आणि लाल पेशी वाढवणाऱ्या एरिथ्रोपॉइटिनसकट बरीच जीन्स चालू होतात. बनवून फेकत राहणं हा वाया खर्च वाटतो खरा, पण त्यामुळे वेळ वाचतो, गरज पडली की शून्यापासून सुरुवात करावी लागत नाही. २०१९ चं वैद्यकाचं नोबेल याच कामाला होतं.

आहार, ध्यान, 'एपिजेनेटिक डिटॉक्स' वगैरेने जीन्स बदलतात का?

एपिजेनेटिक म्हणजे डीएनएचा क्रम न बदलता त्यावर बसणाऱ्या, मिथाइलसारख्या खुणांबद्दलचं. जीन्सचा क्रम बदलत नाही. एक्सप्रेशन मात्र बदलतं, पण ते तर जेवल्यावरही बदलतं आणि झोपल्यावरही, त्यात चमत्कार काही नाही. वातावरणाचे खोल परिणाम दिसलेत हे खरं, मधमाशीच्या अळ्यांत मिथायलेशन करणारं एक एन्झाइम दाबल्यावर बऱ्याच अळ्या राणीसारख्या वाढल्या हे २००८ मध्ये दाखवलं गेलं. हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या उपासमारीच्या काळात गर्भात असलेल्या लोकांमध्ये साठ वर्षांनी आयजीएफ२ या जीनवरच्या मिथायलेशनमध्ये फरक सापडला, पण तो फरक छोटा होता. यावरून 'अमुक पावडर घ्या आणि जीन्स रीसेट करा' इथपर्यंत उडी मारणं ही शुद्ध विक्री आहे.

आजोबांच्या सवयी नातवाच्या जीन्सवर लिहिल्या जातात हेही तितकंच जपून घ्या. सस्तन प्राण्यांत शुक्राणू आणि अंडं बनताना, आणि परत फलनानंतर, बहुतेक मिथायलेशन पुसून नव्याने लिहिलं जातं. काही ठरावीक जागा फलनानंतरच्या पुसण्यातून वाचतात, पण सरसकट वारसा असा नाही.

पेशीची ओळख मुद्दाम बदलता येते का?

येते. १९८७ मध्ये मायोडी हा एकच फॅक्टर घालून फायब्रोब्लास्ट या जोडऊतकाच्या पेशींना स्नायूपेशींकडे वळवलं गेलं. २००६ मध्ये शिन्या यामानाका यांनी चार फॅक्टर वापरून उंदराच्या साध्या पेशीला स्टेम सेलसारखं (कुठल्याही प्रकारची पेशी बनू शकेल असं) बनवलं, २०१२ मध्ये त्यांना आणि वर आलेल्या गर्डन यांना एकत्र नोबेल मिळालं. बहुतेक पेशींवर हा प्रयोग फसतो बरं का, थोड्याच पेशी पूर्ण बदलतात, आणि त्याचं कारण वरच्या खुणाच आहेत, मागची ओळख सहज सुटत नाही.

याचा औषधात काही उपयोग झालाय का?

झालाय. अॅझासिटिडीनसारखी मिथायलेशन कमी करणारी औषधं रक्ताच्या काही आजारांत वापरतात. पण सिकल सेल या हिमोग्लोबिनच्या जन्मजात आजाराचं उदाहरण बघा. जन्मानंतर बीसीएल११ए हा फॅक्टर गर्भातल्या हिमोग्लोबिनचं जीन दाबून टाकतो. कॅसजेवी या उपचारात रुग्णाच्याच रक्त बनवणाऱ्या स्टेम सेल्स काढून, क्रिस्पर या डीएनए कापण्याच्या तंत्राने या फॅक्टरच्या लाल पेशींपुरत्या एन्हान्सरला कापतात. पूर्ण जीन तोडलं असतं तर ते इतर पेशींतही लागतं म्हणून नुकसान झालं असतं, एन्हान्सर तोडल्यामुळे ते फक्त लाल पेशींच्या वंशात कमी होतं आणि गर्भातलं हिमोग्लोबिन परत बनायला लागतं. सिकल सेलचा मूळ बिघाड तसाच राहतो, तरी त्रास कमी होतो. २०२३ च्या शेवटी ब्रिटन आणि अमेरिकेत याला मान्यता मिळाली.

जेनेटिक टेस्ट आणि जीन एक्सप्रेशन टेस्ट एकच का?

नाही. जेनेटिक टेस्ट डीएनएचा क्रम बघते, जन्मजात बदलांसाठी ती साधारणपणे रक्तातून किंवा लाळेतून केली तरी तेच सांगते. एक्सप्रेशन टेस्ट त्या क्षणी, त्या टिश्यूत किती एमआरएनए आहे ते मोजते, त्यामुळे नमुना कुठून आणि कधी घेतला यावर रिपोर्ट बदलतो, रक्तातला आकडा बघून मेंदूत काय चाललंय ते सांगता येत नाही. आणि एमआरएनए जास्त म्हणजे प्रोटीन जास्त असंही गृहीत धरू नका, फेरिटिनच्या बाबतीत एमआरएनए असूनही प्रोटीन थांबलेलं असू शकतं हे वर आलंच आहे.